जुन्या ऑटोमॅटिक गाडीचे गिअरबॉक्स ऑइल बदलावे का?

गाडी जुनी असून गिअरबॉक्सचे तेल कधीच बदलले नसेल, तर आता त्याला हात लावू नये, हे मत मला पटत नाही. तेल बदलल्यावर गिअरबॉक्स निकामी झाल्याचे सांगितले जाते, तेव्हा अनेकदा गिअर घसरू लागल्यावरच ते बदललेले असते. गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेट (गिअर पकडून ठेवणाऱ्या चकत्या) आधीच झिजलेल्या असतात आणि दोष मात्र नव्या तेलाच्या माथी येतो.

म्हणून आधी तेल तपासावे. नुसता गडद रंग चिंतेचा नाही. पण जळका वास येत असेल किंवा ऑइल पॅनमधील (गिअरबॉक्सच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्यातील) चुंबकावर बारीक भुकटीऐवजी धातूचे तुकडे दिसले, तर केवळ तेलाने भागणार नाही. गिअर सुरळीत पडत असतील, तर मी तेल अवश्य बदलेन, मात्र यंत्राने दाब देऊन फ्लश न करता, ड्रेन प्लग (तळाचे बूच) काढून. या पद्धतीत टॉर्क कन्व्हर्टरमधले (इंजिनची ताकद तेलाच्या मदतीने गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातले) बरेच तेल आतच राहते, त्यामुळे काहीशे किलोमीटरनंतर हीच कृती पुन्हा करावी. तेल निर्मात्याने सांगितलेल्या मानकाचेच हवे, आणि तापल्यावर ते प्रसरण पावत असल्याने पातळी मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानालाच पाहावी.