हाताखालच्या माणसाला आधार द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

कोरा कागद (धागाकर्ती)

गेल्या वर्षी माझ्याकडे अकरा जणांचा गट आला. त्यातला एक जण सगळ्यांच्या लेखी कच्चा. त्याचा अहवाल आला की मी रात्री बसून तो नीट करायचे आणि सकाळी पुढे पाठवायचे. त्याला काही बोलायचे नाही. मला वाटायचं, आपण त्याला सांभाळून घेतोय. चार-पाच महिन्यांनी तो अहवाल अर्धवटच द्यायला लागला. एक दिवस चिडून विचारलं, तर शांतपणे म्हणाला, "तुम्ही तसंही सगळं बदलताच."

ते वाक्य अजून मनातून जात नाही. चकार शब्द न काढता मी त्याला रोज एकच गोष्ट सांगत होते, की हे तुला जमणार नाही.

मग दोन दुपारी त्याच्याशेजारी बसले. तेव्हा कळलं, की चांगला झालेला अहवाल कसा दिसतो हे त्याला कधी कोणी दाखवलंच नव्हतं. सूचना मिळायच्या त्या तोंडी आणि जाता जाता, त्यात माझ्याही आल्या. आता तो स्वतः अहवाल पाठवतो. चुका होतात, पण त्या त्याच्या नावाने जातात आणि तोच निस्तरतो. मध्यंतरी त्याने एका तक्त्याची मांडणी बदलली, ती आम्ही सगळेच वापरतो.

माझं मत असं झालंय, की नेत्याने आधी भीती काढावी आणि मग काम ज्याचं त्याच्या हातात राहू द्यावं. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ या भारतीय रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं. मोहिमेचे प्रमुख कलाम होते, पण पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले आणि सहकाऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले. १८ जुलै १९८० रोजी यश मिळालं, तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केलं. कलाम हा प्रसंग आयुष्यभर सांगत राहिले. तुम्हाला काय वाटतं?

सुतारपक्षी

सहमत नाही, आणि का नाही ते सविस्तर लिहितो.

भीती काढा, विश्वास दाखवा, हे ऐकायला छान आहे. पण माणूस घडतो तो वरच्या मापाने. कामाचं माप खाली आणलं की सगळे खूश होतात आणि कोणीच वाढत नाही. सचिन तेंडुलकरने २०१३ च्या निरोपाच्या भाषणात सांगितलं होतं, की आचरेकर सरांनी २९ वर्षांत त्याला एकदाही 'चांगला खेळलास' म्हटलं नाही. कौतुकाने मुलगा सैल पडेल असं त्यांना वाटायचं. आता या गुरूला काय म्हणणार, आधार न देणारा?

आणि धवनांचा प्रसंग आपण अर्धाच सांगतो. कलामांनीच सांगितलंय, की त्या दिवशी संगणकाने उड्डाण थांबवलं होतं आणि तज्ज्ञांच्या सल्ल्यावर त्यांनी ते पुढे नेलं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत दोष निघाला. अकरा महिन्यांत पुढचं उड्डाण यशस्वी झालं ते नुसत्या पाठीवरच्या हाताने नाही. बंद दाराआड कोणीतरी कोणाला तरी नको ते प्रश्न विचारले असणार. त्या खोलीतलं नेतृत्व मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

कोरा कागद

बंद दाराआडचा मुद्दा मान्य. दार बंद होतं, हेच तर माझं म्हणणं आहे. बाहेर ढाल आणि आत कठोर चौकशी, या दोन्ही गोष्टी एकच माणूस करू शकतो.

पण आचरेकर सरांचं उदाहरण तुमच्या बाजूचं नाही. त्याच भाषणात सचिनने पुढे काय सांगितलं ते आठवा. सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, दिवसाला दोन-दोन सामने खेळायला मिळावेत म्हणून. शाब्बासकी नव्हती, पण स्कूटर होती. आधार म्हणजे गोड बोलणं, असं मी कुठेच लिहिलेलं नाही. मी तर पाच महिने गोडच बोलत होते, आणि त्यानेच वाटोळं केलं.

ताळेबंद

शाबासकी की कानउघाडणी या वादात थोडी भर. १९९६ साली क्लुगर आणि डेनिसी या दोघांनी कामाबद्दलच्या अभिप्रायावरचे शेकडो निष्कर्ष एकत्र करून तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा झाला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्राय दिल्यावर काम आधीपेक्षा खालावलं. लक्ष कामावरून उडून 'मी कसा आहे' याकडे गेलं की घसरण होते, असं त्यांचं विवेचन होतं. म्हणजे 'तू हुशार आहेस' आणि 'तू बेजबाबदार आहेस' ही एकाच माळेची वाक्यं झाली. 'तिसऱ्या रकान्यातली बेरीज जुळत नाही' हे वाक्य वेगळं, त्यात माणूस मध्ये येत नाही.

पाणकळा

मी परिचारिका आहे, त्यामुळे भीतीबद्दल बोलायचा मला हक्क आहे असं समजते.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांकडून औषधांच्या चुका कमी होत असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले, चांगल्या गटांत चुका जास्त दिसल्या. मग उलगडा झाला, की ते गट चुका जास्त करत नव्हते, सांगत जास्त होते. बाकीच्या ठिकाणी चुका व्हायच्या आणि दडपल्या जायच्या.

हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही, कारण मी दोन्हीकडे काम केलंय. पहिल्या ठिकाणी इन्चार्ज सिस्टरचा पहिला प्रश्न असायचा, "कोणी केलं?" एकदा माझ्या हातून दुप्पट मात्रा जाता जाता राहिली. सुई लावायच्या आधी माझ्याच लक्षात आलं, मी थांबले, आणि कोणालाही सांगितलं नाही. दोन औषधांच्या कुप्या एकसारख्या दिसत होत्या आणि एकाच खणात ठेवल्या होत्या. मी सांगितलं असतं तर खण त्याच दिवशी वेगळे झाले असते. ते झाले पुढे कधीतरी, मी ती नोकरी सोडल्यावर. मधल्या काळात तिथे आणखी कोणाचा हात चुकला असेल का, हा विचार मला आजही झोपू देत नाही.

दुसऱ्या ठिकाणच्या सिस्टर कडकच होत्या, चादरीची एक सुरकुती चालायची नाही. पण चूक सांगायला गेलं की आधी म्हणायच्या, "पेशंट कसा आहे? बस, आणि काय झालं ते सांग." सुतारपक्षी, कडक असणं आणि भीती घालणं वेगळं आहे हो. त्या कडक होत्या म्हणूनच मला त्यांच्यापाशी खोटं बोलावंसं वाटलं नाही.

उंबरठा

आपण सगळे माणसांच्या स्वभावाबद्दल बोलतोय. माझ्या मते प्रश्न व्यवस्थेचा आहे, नेत्याचं माहात्म्य उगाच वाढवू नये.

जनरल मोटर्सने १९८२ साली कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा कारखाना बंद केला. तिथले कामगार देशात सर्वांत वाईट, अशी कुप्रसिद्धी होती. कोणत्याही दिवशी पाचातला एक गैरहजर. १९८४ साली टोयोटाशी भागीदारी करून तोच कारखाना पुन्हा सुरू झाला. बहुतेक कामगार तेच, कामगार संघटनाही तीच. पण गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली आणि गाड्या उत्तम निघू लागल्या. फरक काय पडला? डोक्यावर एक दोरी आली. कुठे काही चुकतंय असं दिसलं की कोणत्याही कामगाराने ती ओढायची, गटप्रमुखाने धावत यायचं, आणि दोष निघेना तर गाड्या जोडण्याची अख्खी ओळ थांबायची. पूर्वी ओळ थांबवणं हा गुन्हा होता. कोणा संताने येऊन भाषण दिलं नाही, नियम बदलला.

कोरा कागद

उदाहरण फार आवडलं. पण धावत येणारा गटप्रमुख तुम्हीच मध्ये आणलात ना! जनरल मोटर्सने हीच पद्धत नंतर कॅलिफोर्नियातल्याच वॅन नाईसच्या कारखान्यात न्यायचा प्रयत्न केला आणि ती तिथे रुजली नाही. तो कारखाना १९९२ मध्ये बंद झाला. दोरी कुठेही टांगता येते. ती ओढल्यावर येणारा माणूस कपाळाला आठ्या घालून आला, तर दुसऱ्यांदा कोण ओढेल?

उंबरठा

त्या आठ्याही व्यवस्थेतूनच येतात. गटप्रमुखाची बढती दिवसाला किती गाड्या निघाल्या यावर ठरणार असेल, तर स्वभावाने देव असला तरी आठ्या पडणारच. म्हणून नेत्याला काही करायचंच असेल, तर त्याने ती मोजपट्टी बदलावी.

शेवटचा बाक

इतका वेळ वाचत होते. लिहू की नको असं झालं होतं.

धागाकर्तीच्या गटात अकरा जण आहेत. त्यातल्या एकाला त्यांनी दोन दुपार दिल्या. मला उरलेल्या दहांबद्दल विचारायचंय. कारण मी कायम त्या दहांत असते.

आमच्याकडेही एकाला 'घडवणं' चालू होतं. हेतू चांगला होता, साहेब मनापासून चांगले होते. पण तो शिकत असताना त्याच्या वाटचं काम हवेत विरलं नाही, ते माझ्या टेबलावर आलं. कारण माझं काम वेळेवर होतं आणि मी तक्रार करत नाही. वर्षभर साहेब त्याच्याशी रोज अर्धा तास बोलायचे. माझ्याशी बोलायचे ते आणखी एक फाईल द्यायला. "तुझी काही काळजीच नाही," असं ते कौतुकाने म्हणायचे, आणि मला घरी जाऊन रडू यायचं. खरंच कोणी काळजी करत नव्हतं.

मलाही काहीतरी नवीन शिकायचं होतं. माझ्यातलं उत्तम बाहेर काढायची गरज कोणाला वाटली नाही, कारण मधलं बरं काम सगळ्यांना पुरेसं होतं. शेवटी मी बदली मागून घेतली. तेव्हा साहेबांना धक्का बसला. मी दुःखी आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.

सुतारपक्षींचं माप खाली न आणण्याचं म्हणणं म्हणूनच मला पटतं. चांगलं काम करणाऱ्याला कामच बक्षीस म्हणून मिळत असेल, तर तो गट चांगल्या नेत्याचा आहे असं मी म्हणणार नाही.

सुतारपक्षी

शेवटचा बाक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी कठोरपणाची बाजू मांडत होतो, पण तुमच्यावर झालेला अन्याय कठोरपणाच्या अभावाने झाला की लक्षाच्या अभावाने, हे मला आता ठामपणे सांगता येत नाही. लक्षाच्याच असावा. पाणकळांच्या दुसऱ्या सिस्टर तुमच्या साहेबांच्या जागी असत्या, तर त्यांना तुमचा चेहरा दिसला असता.

दर्यावर्दी

याला जोडून दक्षिण ध्रुवाकडे मोहीम नेणाऱ्या शॅकलटनची गोष्ट. 'एन्ड्युरन्स' जहाज बर्फात चिरडलं गेलं, तरी त्याने आपल्या जहाजावरची सगळी २८ माणसं जिवंत परत आणली. म्हणून नेतृत्वाच्या प्रत्येक चर्चेत त्याचं नाव येतं. त्यात मॅकनिश नावाचा सुतार होता. बर्फावर त्याने शॅकलटनचा हुकूम मानायला नकार दिला होता. याच सुताराने पुढे छोट्या होडीच्या कडा उंच करून तिला समुद्रात टिकेल अशी केली, आणि त्या होडीतूनच मदत आणायला जाता आलं. नंतर पदकं द्यायची वेळ आली तेव्हा शॅकलटनने त्याची शिफारस केली नाही. माणसातलं सर्वोत्तम काढून घेतलं, पण ते त्याच्या नावावर लिहिलं नाही. मला हा त्या थोर माणसावरचा डाग वाटतो.

कोरा कागद

शेवटचा बाक, तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. काल रात्री बसून मी गेल्या सहा महिन्यांची कामवाटणी काढली. मी त्या दोन दुपारी त्याच्याशेजारी बसले होते तेव्हा, आणि पुढचे दोन महिने, त्याच्या वाटचे अहवाल कोणाकडे गेले ते पाहिलं. एकाच मुलीकडे गेलेत. तिने एकदाही हूं का चूं केलं नाही, आणि मी तिला धन्यवादाची एक ओळसुद्धा लिहिलेली नाही. शोधली, सापडली नाही.

उद्या सकाळी तिच्याशी बोलणार आहे. आधी माफी मागेन. मग तिला काय शिकायचंय ते विचारेन, आणि तेवढा वेळ तिच्या टेबलावरून काय उचलायचं हे ती येण्याआधीच ठरवून ठेवेन. उंबरठा म्हणतात ती मोजपट्टीही बदलायची आहे, पण त्यासाठी मला वर जाऊन भांडावं लागेल. तुमच्यापैकी कोणी असं भांडून बदल करून घेतला असेल तर सुरुवात कुठून केली ते लिहा. मला खरंच हवं आहे.