मदत हवी आहे: दोघांच्या दप्तरात तेच पाकीट, पण उपाय एक चालेना (इंदूर)

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, सुदामानगरात राहतो. मुलगा सातवीत, सीबीएसईच्या शाळेत. घरी कामाला येणाऱ्या ताईंची मुलगीही सातवीतच, सरकारी शाळेत. संध्याकाळी दोघं आमच्याकडेच अभ्यासाला बसतात आणि दोघांच्याही दप्तरातून चिप्सचं, नाहीतर मसाला नूडल्सचं पाकीट निघतं. (नूडल्स न शिजवता, चुरून, वर मसाला भुरभुरून खातात. ही पद्धत कुणी काढली देव जाणे.)

शेवेचं मला वावडं नाही. इंदुरात राहून पोह्यांवर शेव नको म्हणणारी मी कोण!

पण मुलाला घरून भरपूर डबा असतो, पाकीट त्याच्या वर. शिवाय क्लास सुटल्यावर मित्रांबरोबर एनर्जी ड्रिंक. बाटलीवर बारीक अक्षरात 'मुलांसाठी नाही' असं छापलेलं दाखवलं, तर म्हणे, "मी काय लहान आहे?" 2025 मध्ये सीबीएसईने सांगितल्यावर शाळेत साखरेचा फलक लागला (कशात किती साखर, ते सांगणारा). चिरंजिवांना आकडे पाठ: 250 मिली कोलात साधारण 26 ग्रॅम साखर, म्हणजे सहा चमचे. घडाघडा म्हणून दाखवतो आणि तेच पितो.

ताईंच्या मुलीचं वेगळं. ताई सकाळी सातलाच बाहेर पडतात, म्हणून न्याहारीऐवजी हातावर दहा रुपये. शाळेसमोरच्या गुमटीवर (टपरीवर) त्यात दोन पाकिटं येतात. मग दुपारी शाळेतल्या जेवणावर वासनाच नसते. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी त्या जेवणात 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं असावीत असं ठरलेलं आहे. तिचं दिवसातलं सगळ्यात भरीव जेवण तेच, आणि अर्धं ताटात राहतं.

म्हणून 'बाहेरचं बंद' म्हणून भागत नाही. त्याचं पाकीट काढलं तर तो फुरंगटून बसेल, तिचं काढलं तर ती उपाशी जाईल.

ताईंना न दुखावता काय सुचवू? मी डबा देते म्हटलं तर त्यांना उपकार वाटतील. आणि शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचं विकायचं नाही, हा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 2020 चा नियम कुणी प्रत्यक्षात लागू करून घेतलाय का? गुमटीवाल्याच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये.

माळवीकाका: नियम आहे, शाळेच्या आवारालाही आहे. पण आधी तक्रार नको, गुमटी साठ मीटरवर सरकेल, इतकंच. त्यालाच विचारा, परमल (कुरमुरे), भाजलेले दाणे आणि चिमूटभर शेव अशी पाच रुपयांची पुडी ठेवशील का? कुरकुरीत हवं असतं पोरांना, ते मिळतं.

रामबागवाली: रात्रीच्या पोळ्या कुस्करून गूळ-तूप घालून लाडू. सातवीतली मुलगी स्वतः वळेल, गॅससुद्धा लागत नाही. तुमच्या मुलालाही बसवा सोबत, म्हणजे उपकाराचा प्रश्नच नाही.

धागाकर्ती: लाडवाचं पटलं, ताईंशी उद्याच बोलते. गुमटीवालाही भला माणूस आहे, विचारून बघते. पण एनर्जी ड्रिंकवर कुणीच काही बोललं नाही! या वयाच्या मुलग्यांच्या आया आहेत का इथे?