मदत हवी आहे : जुन्या पिकअपचा ब्रेक पाइप बदलला, तरी पेडल खाली जाते

बंदरवाट
मागच्या चाकांकडे जाणारा लोखंडी ब्रेक पाइप गंजून फुटला होता. तो पाइप आणि मागचा रबरी होज गॅरेजमध्ये बदलून घेतला, एअरही (पाइपांत अडकलेली हवा) काढून घेतली, तरी पहिल्या दाबाला पेडल जवळजवळ तळाला टेकते आणि दोन-तीनदा मारल्यावरच वर येते. गॅरेजवाले आता मास्टर सिलेंडर (पेडलच्या दाबाने ब्रेक ऑइल ढकलणारा मुख्य सिलेंडर) नवा टाकायला सांगत आहेत. पुढचे दोन्ही होज मी आणून ठेवले आहेत, ते अजून बसवलेले नाहीत. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि त्यानंतर गाडी एक दिवसही उभी ठेवता येणार नाही. मास्टर सिलेंडर बदलावा की नाही, एवढेच कृपया सांगावे.

जुनी_पेटी
एवढ्या माहितीवर ते कोणालाही सांगता येणार नाही. गाडी कोणती आणि कोणत्या सालची आहे? पुढे डिस्क आहेत की ड्रम? एअर कोणत्या चाकापासून काढायला सुरुवात केली? पेडल वर आल्यावर दगडासारखे कडक लागते, की पायाखाली लवचीक वाटते? सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गाडी सुरू ठेवून पेडल एकसारखे दाबून धरले, तर ते हळूहळू खाली सरकते का?

चौथा_गिअर
मास्टर सिलेंडरचा विचार नंतर करा, आधी ब्रेक ऑइल बदला. ते डॉट ३ दर्जाचे असेल तर काढून डॉट ४ भरा. कोरड्या अवस्थेत डॉट ३ चा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश आणि डॉट ४ चा २३० अंश सेल्सिअस असतो, तर पाणी शोषल्यानंतर तेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. कोकणच्या दमट हवेत ऑइल लवकर पाणी धरते. मी तर माझ्या गाडीत सिलिकॉनचे डॉट ५ च भरणार आहे.

जुनी_पेटी
उभ्या गाडीचे पेडल खाली जात आहे, तेव्हा उत्कलनबिंदूचा इथे काहीही संबंध नाही. आणि डॉट ५ चे नाव इथे घेऊ नका. ते डॉट ३ आणि डॉट ४ मध्ये मिसळत नाही. कोणी वाचून तेवढीच बाटली वर ओतली, तर संपूर्ण यंत्रणा धुऊन काढावी लागेल.

बंदरवाट
गाडी २००९ ची बोलेरो पिकअप आहे, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. पेडल वर आल्यावरही लवचीकच वाटते, पण धरून ठेवले तर खाली सरकत नाही. एअर कशी काढली ते मी समोर उभा राहून पाहिले : मागचा भाग जॅकवर उचलून आधी मागची आणि मग पुढची चाके घेतली. मालवणहून मासळी घेऊन मी फोंडा घाटाने कोल्हापूरला जातो, त्यामुळे ब्रेकच्या बाबतीत मला धोका पत्करायचा नाही.

घाटमाथा
मासळीची गाडी आहे हे आधीच सांगायला हवे होते. ट्रेमधून गळणारे बर्फाचे खारट पाणी चॅसीच्या पोकळ भागात साचते आणि पाइप ज्या क्लिपांत बसतो तिथे आतून गंज धरतो, म्हणून वरून बरा दिसणारा पाइप क्लिपेखाली कुजलेला निघतो. राहिलेल्या सगळ्या क्लिपा उघडून पाहा. आणि घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहू नका. ज्या गिअरमध्ये तो घाट भरल्या गाडीने चढता, त्याच गिअरमध्ये उतरा.

बंदरवाट
घाट कसा उतरायचा हे मी विचारलेले नाही. ते मला येते.

जुनी_पेटी
धरून ठेवलेले पेडल सरकत नाही, म्हणजे बाहेर मोठी गळती नाही आणि मास्टर सिलेंडरचे आतले रबरही बहुधा शाबूत आहे. पेडल मारून वर आले आणि मग कडक लागले, तर मागच्या ड्रम आणि लायनरमधले अंतर वाढले आहे असे मी म्हटले असते. वर येऊनही ते लवचीक राहते, याचा अर्थ आत हवा आहे.

आता जॅकबद्दल. मागच्या ॲक्सलपासून चॅसीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत दांडी किंवा स्प्रिंग गेलेली आहे का, ते पाहा. हा व्हॉल्व्ह भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. गाडी रिकामी असेल तेव्हा मागचा दाब कमी ठेवतो, म्हणजे मागची चाके जाम होऊन गाडी फिरत नाही. चॅसी उचलून ॲक्सल खाली लोंबला, की व्हॉल्व्हला गाडी अगदीच हलकी झाल्यासारखे वाटते आणि तो मागचा मार्ग आवळतो. अशा स्थितीत निपलमधून (चाकाजवळच्या, हवा काढायच्या स्क्रूमधून) ऑइल येत राहते, पण वरच्या वळणात अडकलेली हवा तिथेच राहते. त्यामुळे गाडी चाकांवर उभी ठेवून, शक्य असल्यास हौद्यात थोडे वजन टाकून, पुन्हा एअर काढा. मास्टर सिलेंडरपासून सर्वांत दूरचे चाक आधी घ्यायचे. आपल्याकडे ते मागचे डावे असते. मग मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. व्हॉल्व्हला स्वतंत्र निपल असेल तर त्याचीही हवा काढा.

पेडल मारणाऱ्या माणसाला ते तळापर्यंत दाबू देऊ नका, खाली लाकडी ठोकळा ठेवा. जुन्या सिलेंडरमध्ये पिस्टन जिथे एरवी कधी पोहोचत नाही तो भाग खडबडीत झालेला असतो. तिथे रबर घासले, की चांगला मास्टर सिलेंडरही एअर काढतानाच जातो. मग गॅरेजवाल्यांचे म्हणणे खरे ठरेल.

सांगलीचा_फिटर
नवा पाइप कोणत्या धातूचा आहे, हे अजून कोणीच कसे विचारले नाही? मी तांब्याचा पाइप वापरतो. तो हाताने वाकतो, गंजत नाही आणि फ्लेअर (नटात बसण्यासाठी पसरवलेले टोक) सुरेख येतो.

बंदरवाट
पाइप तांब्याचाच आहे. फ्रिज-एसीच्या सामानाच्या दुकानातून आणला असे गॅरेजवाले म्हणाले. मध्ये एक पितळी जोडही आहे.

जुनी_पेटी
जोड फ्लेअर करून केला आहे, की पाइपवर गोल रिंग चढवून नट आवळला आहे?

बंदरवाट
रिंग चढवलेला आहे. नट काढून पाहिला, पाइपचे टोक सरळच आहे.

जुनी_पेटी
मग ही गाडी रस्त्यावर काढू नका. जोरात ब्रेक मारला की पाइपातला दाब शंभर बारच्या घरात जाऊ शकतो आणि तोही दर वेळी झटक्याने येतो. रिंगचा जोड पाइपला नुसता चिमटीत धरतो. कंपनांनी सैल झाला, की पाइप त्यातून निसटतो. पाण्याच्या नळाला तो चालतो, ब्रेकला नाही.

सांगलीचा_फिटर
जोडाबद्दल आपले म्हणणे मान्य आहे, पण तांब्याला दोष देऊ नका. मी बसवलेले तांब्याचे पाइप अजून चालू आहेत.

थेम्सकाठी
मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे गंजलेले ब्रेक पाइप हा इथल्या जुन्या गाडीवाल्यांचा नेहमीचा विषय आहे. शुद्ध तांबे इथेही बरेच लोक वापरतात, परंतु सततच्या कंपनाने ते कडक होत जाते आणि फ्लेअरच्या मुळाशी तडकते, म्हणून मी ते वापरत नाही. तांबे आणि निकेल यांचा मिश्रधातू, साधारण दहा टक्के निकेलचा, यावरचा चांगला उपाय आहे. तो गंजत नाही, हाताने वाकतो आणि ताकदही टिकवतो. व्होल्वोने १९७६ पासून आपल्या गाड्यांत तो वापरला. तो मिळाला नाही, तर दुहेरी भिंतीचा, वर संरक्षक थर असलेला पोलादी ब्रेक पाइप घ्यावा. फ्रिजचा पाइप ब्रेकसाठी बनवलेलाच नसतो. त्याच्या भिंतीची जाडी आणि दाब सहन करण्याची क्षमता वेगळी असते.

जुनी_पेटी
सहमत. पाइप घेताना बाहेरचा व्यास मोजून घ्या. अशा गाड्यांत तो बहुतेक वेळा ४.७५ मिलिमीटर असतो, पण आपला जुना तुकडा व्हर्नियर कॅलिपरने मोजल्याशिवाय दुकानात जाऊ नका. तो तुकडा नटांसह सोबत न्या. फ्लेअर दोन प्रकारचे असतात : एकात टोक आत दुमडून ४५ अंशांचा दुहेरी पदर करतात, दुसऱ्यात टोकाला फुगवटा येतो. एकाच्या जागी दुसरा बसवला, तर नट कितीही आवळला तरी तो झिरपतो. नटांचे आटेही फसवे असतात. १० मिलिमीटरचा, १ मिलिमीटर अंतराचा आटा आणि इंचातला तीन-अष्टमांशाचा, २४ आट्यांचा नट हे एकमेकांच्या जागी दोन फेरे फिरतातही, आणि मग जबरदस्ती केली की व्हील सिलेंडरचाच आटा जातो.

बंदरवाट
हे समजले. पुढच्या होजचे काय? घाट उतरल्यावर पुढचे डावे चाक उजव्यापेक्षा बरेच तापते. गाडी ओढत नाही.

चौथा_गिअर
ब्रेक कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना अडकल्या असतील. पिना काढून ग्रीस लावा.

जुनी_पेटी
तर्क करण्यापेक्षा तपासून घ्या. चाक तापलेले आणि अडकलेले असतानाच, जागीच जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहा. आधी होजच्या वरचा, म्हणजे लोखंडी पाइपकडचा नट किंचित सैल करा. चाक मोकळे झाले, तर दाब मास्टर सिलेंडरकडून अडला आहे. तसे झाले नाही, पण कॅलिपरचे निपल उघडल्यावर मोकळे झाले, तर होज आतून फुगला आहे. ऑइल दाबाने पुढे जाते, परत येत नाही. निपल उघडूनही चाक अडलेलेच राहिले, तर पिना किंवा पिस्टन पाहा. निपल उघडताना तोंड आणि डोळे बाजूला ठेवा, ऑइल गरम असते.

गाडी एवढ्या वर्षांची असल्याने, होज आणलेच आहेत तर दोन्ही बाजूंचे बदलून टाका. बसवताना होजला पीळ पडू देऊ नका, त्यावर छापलेली रेघ सरळ दिसायला हवी. बँजो बोल्टचे (होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर नवेच घ्या. स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून होज टायरला घासत नाही ना, ते पाहा. गंजलेला नट उघड्या पान्याने सोडवू नका, त्याचे कोपरे झिजतात. फ्लेअर नटचा पाना घ्या, आणि नट पाइपसकट फिरू लागला तर पाइप नटाजवळ कापून वरून सहा कोनी सॉकेट लावा. पाइप तसाही नवाच टाकायचा आहे.

घाटमाथा
पासिंग कधी आहे? आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस लागते आणि ब्रेक तिथेही तपासतात.

बंदरवाट
पासिंग ऑक्टोबरात आहे, त्याची आत्ता घाई नाही. व्हॉल्व्ह आणि दांडी दोन्ही आहेत. पाइप पुन्हा पूर्ण काढून जोडाविना एकाच लांबीचा पोलादी बसवला, पुढचे होजही टाकले, आणि गाडी चाकांवर ठेवून एअर काढली. डाव्या मागच्या निपलमधून बराच वेळ फेस येत राहिला. पेडल आता पहिल्याच दाबाला वर थांबते. मास्टर सिलेंडर जुनाच आहे.

जुनी_पेटी
उत्तम. आता गाडी सुरू ठेवून पेडल पूर्ण ताकदीने एक मिनिट दाबून धरायला कोणाला तरी सांगा, आणि आपण टॉर्च घेऊन प्रत्येक नट कोरड्या कागदाने पुसून ओल येते का ते पाहा. पहिली फेरी रिकाम्या गाडीने, सपाट रस्त्यावर करा. परत आल्यावर तेच नट पुन्हा तपासा आणि डाव्या पुढच्या चाकाला हात लावून ते कितपत तापले आहे, हे इथे कळवा.