वृद्धाश्रमात हेळसांड होतेय का, कसं ओळखायचं?

सांगलीकर: आजी अंथरुणाला खिळल्यात, वृद्धाश्रमात असतात. विचारलं की "सगळं ठीक" एवढंच ऐकायला मिळतं. भेटीत नेमकं काय बघू?

परिचारिका_नाशिक: आधी चादर बाजूला करा. माकडहाड, खुबे, टाचा बघा. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा पडला नाही, लालच राहिला, तर ती शय्याव्रणाची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची सुरुवात. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही. तिथं हात लावून ऊब किंवा टणकपणा जाणवतो का पाहा. तो भाग चोळू मात्र नका, आतली इजा वाढते.

साधारण दर दोन तासांनी कूस बदलायला हवी. त्याच्या नोंदींचा तक्ता मागा. सगळ्या वेळा एकाच शाईत, एकाच हातच्या असतील तर तो एका बैठकीत भरलाय, असा संशय घ्याच. हवेची गादी आहे म्हणून कूस बदलायचं टळत नाही. आणि भेटीची वेळ बदलत राहा, रविवारी संध्याकाळीही जा.

औषधवाला: आजी दिवसभर गुंगीत असतात का? डॉक्टरांची चिठ्ठी मागून पाकिटातल्या गोळ्या मोजा, जास्त दिल्या जातायत का ते कळेल. मनगटावर वळ दिसले तर बांधून ठेवायला कोणी सांगितलं, ते लेखी मागा.

विधी_सहाय्य: तारखेसह फोटो काढा, व्यवस्थापकांना लेखी तक्रार द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन. मारहाण असेल तर थांबूच नका, थेट ११२.

परिचारिका_नाशिक: जखम उघडी असेल तर तक्रारीआधी डॉक्टर.