मदत हवी आहे: कैद्यांची मजुरी दाखवणारं टेबल-घड्याळ

अमेरिकेच्या संघीय तुरुंग-कारखान्यांत मजुरी ताशी २३ सेंटपासून सुरू होते. बाहेरचं संघीय किमान वेतन ७.२५ डॉलर. घड्याळात वेळेखाली हे दोन आकडे चढतात: १५६.५ आणि ४.९७ सेकंदांना एकेक सेंट. आठ तासांच्या शिफ्टअखेर १.८४ विरुद्ध ५८ डॉलर. आत आर्डुइनो नॅनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), डीएस३२३१ (वेळ राखणारी चिप), टीएम१६३७ चिपचे तीन अंकी डिस्प्ले. बोर्डाच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) फक्त शिफ्टची सुरुवात साठवली आहे. घड्याळ चोवीस तास चालू ठेवून दर सेंटला लिहिलं तर तिची लाखभर लेखनांची मर्यादा सहा दिवसांत संपेल.

अडलंय दर्शनी पत्र्यावर. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत गाड्यांच्या नंबरप्लेट कैदीच बनवतात, म्हणून उठावाची अक्षरं हवीतच. स्टिकर चालणार नाही. ०.८ मिमी अॅल्युमिनियम थ्रीडी-प्रिंटच्या साच्यात व्हाइसने (टेबलावरच्या शिकंज्याने) दाबलं की अक्षरांच्या कोपऱ्यांत फाटतं. पत्रा मऊ घ्यावा, की साच्याच्या कडा २ मिमी गोल कराव्या? उठाव १ मिमी ठेवला तर लांबून वाचता येईल का?