शब्दचर्चा: फवारणीचं 'औषध', त्याला विष म्हणायचं का?

भाषांतरवाली
मंडळी, मदत हवीये. फवारणी करणाऱ्या मजुरांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतेय, विदर्भ-मराठवाड्यात वाटायचंय. पहिल्याच ओळीत अडकले. मूळ मजकुरात पेस्टिसाइड आहे, त्याला कोणी कीटकनाशक लिहितं, कोणी कीडनाशक, कोणी पीडकनाशक. पण शेतात यातलं कोणी काही म्हणत नाही, सगळे औषधच म्हणतात. "आज औषध मारायचंय", "औषध आणायला गेलाय". मग मीही औषध लिहू का? लिहिलं तर पटकन कळेल, पण मग "औषध अंगावर सांडल्यास ताबडतोब धुवा" हे वाक्य कसंतरीच होतं, औषधाला एवढं काय घाबरायचं असं वाटेल वाचणाऱ्याला. आणि पुढे हॅझर्ड, रिस्क, एक्स्पोजर, अक्यूट टॉक्सिसिटी अशी सगळी फौज उभी आहे ती वेगळीच.

कानामात्रा
आधी कीटक आणि कीड मिटवून टाकू. कीटकनाशक म्हणजे फक्त किडे मारणारं. तणनाशक, बुरशीनाशक, उंदरांसाठीचं हे सगळं ज्यात येतं तो शब्द कीडनाशक. पीडकनाशक पण त्याच अर्थाचा पण तो कोशातच बरा.

आता औषध. गंमत बघा, 'चं औषध' या रचनेत षष्ठी दोन कामं करते. लहान मुलांचं औषध, जनावरांचं औषध, इथे आधीचा शब्द म्हणजे पेशंट. खोकल्याचं औषध, तापाचं औषध, इथे तो शब्द म्हणजे जे घालवायचंय ते. उंदराचं औषध, ढेकणाचं औषध हे दुसऱ्या गटातले, म्हणजे उंदीर हा घराला झालेला आजार आहे आणि पेशंट आपण. जंताचं औषध हा मधला पूल, तिथे जीव मारायचाय पण पोटातला, म्हणून आपल्याला ते खरंच औषध वाटतं. पिकाचं औषध म्हणताना शेतकऱ्याच्या डोक्यात पीक पेशंट असतं, मजूर कुठेच नसतो.

टवाळखोर
आणि पेपरात "विषारी औषध प्राशन केले". विषारी औषध! वर्षानुवर्षं वाचतोय, एकालाही खटकलं नाही. प्राशन हे क्रियापद तर आता विष आणि गोमूत्र एवढ्यापुरतंच उरलंय.

कानामात्रा
खटकणार कसं, जगभर हेच आहे. ग्रीकमध्ये फार्माकॉन म्हणजे औषध आणि विष दोन्ही, त्यावरून फार्मसी. तेलुगूत मंदु म्हणजे औषध, दारू पण मंदु, आणि फवारायचं पण मंदु. हिंदीत चूहे मारने की दवा. आपली 'दारू' तरी काय, फारसीत दारू म्हणजे औषध, म्हणून तर दवादारू करणे. मराठीत येऊन ती एकीकडे प्यायची झाली आणि एकीकडे दारूगोळ्यातली. जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष, मुळात 'दिलेलं', म्हणजे डोस. आणि टॉक्सिकॉलॉजीतला टॉक्सिक हा ग्रीक धनुष्यापासून, बाणाला लावायचं ते विष. आपण विषशास्त्र म्हणतो ते सरळ आहे.

ओपीडीतून
डोस आलाच आहे तर मराठीत त्याला 'मात्रा' हा अस्सल शब्द असताना पत्रकात डोस नका लिहू. मात्रा चाटवणे, मात्रा उगाळणे, मात्रा लागू पडणे, कुणाची मात्रा न चालणे, लोकांना आतून माहीत असलेला शब्द आहे. पॅरासेल्सस नावाच्या युरोपातल्या वैद्याने १५३८ मध्ये जे लिहिलं की सगळ्याच वस्तू विष आहेत, विष नाही असं काही नाही, फक्त मात्रा ठरवते, ते आमच्या पहिल्या लेक्चरला सांगतात. मिठाचीही मारक मात्रा असते.

पण हे वाक्य अर्धवट लक्षात ठेवून लोक कशाचंही समर्थन करतात, "थोडंसं काय होतंय". शिशाचं काय? मुलांच्या रक्तात शिसं इतकं असलं तर चालतं अशी सुरक्षित पातळी सापडलेली नाही, जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. भारतात शिसं घातलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं ते उगाच नाही. (जाता जाता, शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं. शेंदरात मात्र असतं, तो शिशाचा ऑक्साइड.)

पऱ्हाटी
यवतमाळ जिल्ह्यातून लिवतो. ताई, कीडनाशक लिहाल तर पत्रक वाचनार नाही कोनी. औषधच लिवा. २०१७ ले आमच्या जिल्ह्यात फवारनीनं जे झालं ते सगळ्याइले माहीत हाये, वीसच्या वर मानसं गेली, शेकड्यानं दवाखान्यात भरती. त्या साली पऱ्हाटी, म्हंजे कपाशी, डोक्याच्या वर गेली होती, पंप मारला का फवारा सरळ तोंडावर यायचा. त्यात दोन-दोन तीन-तीन औषधं एकात मिसळून मारनं चालू, दुकानदार देईल ते. तवा पेपरवाले लिवत होते विषबाधा. आमी गावात म्हनत होतो "औषध लागलं". मजूर कधीच म्हननार नाही का मले विषबाधा झाली, तो म्हनते औषध लागलं, चक्कर येऊन राह्यली.

भाषांतरवाली
दादा, "औषध लागलं" सोन्यासारखं आहे! एक्स्पोजरला मी 'संपर्क' घालणार होते.

ओपीडीतून
संपर्क कोविडनंतर बिघडलाय, "संपर्कात आले" म्हटलं की माणूसच आठवतो. शिवाय संपर्क म्हटलं की हात लागणं एवढंच डोळ्यांपुढे येतं. एक्स्पोजरमध्ये कातडीतून, श्वासातून, तोंडावाटे असे तीनही रस्ते येतात. फवारणीत सगळ्यात जास्त आत जातं ते कातडीतून आणि तेच कुणाला खरं वाटत नाही, कारण भाजत नाही खाजत नाही काही नाही. ओला शर्ट दिवसभर अंगावर तसाच. 'लागणं' चालेल, पण एकदा तरी "कातडीतूनही आत जातं" हे लिहाच.

टवाळखोर
लागण पण चालेल का मग? आमच्या कोल्हापूरकडे उसाची लागण असते, म्हणजे लागवड.

ओपीडीतून
नको रे बाबा. लागण म्हटलं की एकाकडून दुसऱ्याला. विषबाधा अशी पसरत नाही. आणि हा घोळ नुसता शब्दांचा नाही. जपानात मिनामाटाला १९५६ मध्ये लोक एकामागून एक आजारी पडायला लागले, हातपाय थरथरायचे, बोलणं अडखळायचं, तेव्हा आधी संसर्गाचा रोग समजले. रुग्णांना वेगळं ठेवलं, घरांत जंतुनाशक मारलं, शेजाऱ्यांनी तोंड फिरवलं. निघालं काय तर चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून खाडीत जाणारं मिथाइल मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं विषारी संयुग, माशांत साठलेलं, आणि एका घरात सगळे आजारी कारण सगळे तेच मासे खात होते. सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केलं १९६८ साली.

कानामात्रा
म्हणूनच एपिडेमिऑलॉजीला साथरोगशास्त्र म्हणणं मला पटत नाही. साथ नसलेल्या गोष्टींचाही हेच शास्त्र अभ्यास करतं ना? कॅन्सर, हृदयविकार, विषबाधा, अपघात. रोगपरिस्थितिविज्ञान असा एक शब्द आहे, अर्थाला जास्त बरोबर पण म्हणताना जीभ वळत नाही.

ओपीडीतून
साथरोगशास्त्रच राहणार, रुळलाय. १८९७ चा कायदा पण साथरोग कायदाच, मुंबईत प्लेग आला म्हणून घाईने केलेला आणि २०२० मध्ये पुन्हा तोच बाहेर काढला. लोकांचे शब्द तर कधीच शास्त्राला विचारून आले नाहीत, पटकी, देवी, १९१८ च्या फ्लूला मानमोडी. मला मानमोडी फार आवडतो, लक्षण आणि दहशत दोन्ही एका शब्दात.

विषबाधेला साथ न म्हणता उद्रेक म्हणा, कारण कुठलंही असो चालतो. आणि "अन्नातून विषबाधा" हे पेपरातलं लाडकं वाक्य जपून वापरा, त्यात लग्नातल्या शिळ्या बासुंदीतले जंतू पण येतात आणि २०१३ मध्ये बिहारमध्ये सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक गेलं आणि २३ मुलं दगावली ते पण येतं. दोन्हींचे उपचार पूर्ण वेगळे.

भाषांतरवाली
हॅझर्ड आणि रिस्क? दोन्हीला धोकाच लिहिलाय सध्या.

ओपीडीतून
हॅझर्ड धोका, रिस्क जोखीम. सीलबंद बाटली कुलपात आहे तरी ते द्रव्य धोकादायक आहेच, पण जोखीम जवळजवळ नाही. तीच बाटली उघडून उघड्या हाताने ढवळली की धोका तेवढाच, जोखीम शंभरपट. बाटलीतला धोका आपल्या हातात नाही, जोखीम आहे, म्हणून पत्रकात सगळा भर जोखमीवर हवा.

कानामात्रा
जोखीम तर जुन्या लोकांत दागिने-रोकड या अर्थाने होती, "अंगावर जोखीम आहे, रात्रीचा प्रवास नको". म्हणजे जपायची वस्तू आणि ती जाण्याची भीती दोन्ही एकच. हिंदीमुळे धोक्यात फसवणूकही शिरलीये, त्यामुळे जोखीमला माझं मत.

भाषांतरवाली
अक्यूट टॉक्सिसिटी = तीव्र विषारीपणा. हे तरी बरोबर ना?

ओपीडीतून
कोशात बरोबर, वाचणाऱ्याच्या डोक्यात चूक. तीव्र म्हटलं की जोरदार असं वाटतं. अक्यूट म्हणजे एका वेळच्या किंवा थोड्या वेळातल्या मात्रेने लगेच दिसणारं. क्रॉनिक म्हणजे थोडं थोडं खूप दिवस. "लगेचचा त्रास" आणि "साठत जाणारा त्रास" असं सरळ लिहा.

बाटलीवरच्या रंगाशी याचा थेट संबंध आहे. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या खुणेत खालचा त्रिकोण रंगवलेला असतो ना, लाल, पिवळा, निळा, हिरवा. ते रंग ठरतात तोंडावाटे दिल्यावर प्रयोगातले निम्मे प्राणी मरतील त्या मात्रेवरून, किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. म्हणजे रंग फक्त लगेच मारण्याची ताकद सांगतो. हिरवा म्हणजे निर्धोक असं नाही, वर्षानुवर्षं अंगावर घेतल्यावर काय होईल ते तो रंग सांगतच नाही.

टवाळखोर
लाल त्रिकोण, तोही टोक खाली! म्हणजे डिट्टो कुटुंब नियोजन. कोणाच्या डोक्यातून निघालं हे.

पऱ्हाटी
हासू नका, आमच्या इकडं म्हाताऱ्याइले लाल त्रिकोन म्हनलं का तेच आठवते. त्याच्यावर कवटी हाये ते दाखवा, कवटी समजते. अन् दुसरी गोष्ट, सगळे म्हनते आमाले सवय हाये, दहा वर्षापासून मारतो काही होत नाही.

ओपीडीतून
हे 'सवय' प्रकरण पत्रकात मोठ्या अक्षरात घ्या. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं शरीरातलं कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम बंद पाडतात. नसांचा निरोप पोचल्यावर तो थांबवायचं काम त्याचं. ते बंद पडलं की निरोप चालूच राहतो, मग लाळ, घाम, डोळ्यांना पाणी, उलट्या, बाहुल्या एकदम बारीक, छातीत पाणी भरल्यासारखी घरघर. हे एन्झाइम भरून यायला काही आठवडे लागतात. सोमवारी थोडं बंद पडलं, मंगळवारी अजून थोडं, शुक्रवारी नेहमीएवढंच औषध लागलं आणि माणूस कोसळला. सवय होत नाही, शिल्लक कमी होत जाते.

आणि कृपया ऑर्गॅनोफॉस्फेटचं 'सेंद्रिय फॉस्फेट' करू नका. मी एका छापील तक्त्यात पाहिलंय. रसायनशास्त्रात ऑर्गॅनिकला सेंद्रिय म्हणायचे ते ठीक, पण शेतकऱ्याला सेंद्रिय म्हणजे शेणखत, गांडूळखत, निर्धोक. एका शब्दात सगळं पत्रक उलटं होईल.

भाषांतरवाली
बापरे, माझ्या मसुद्यात तेच होतं, काढलं. बरं आता असं केलंय, बघा. शीर्षकात आणि पहिल्या ओळीत "फवारणीचं औषध हे विष आहे", त्याच्या शेजारी कवटी. पुढे सगळीकडे औषधच, पण "फवारणीचं औषध" असं पूर्ण, नुसतं औषध नाही, कारण खाली डॉक्टरांच्या औषधाचाही उल्लेख येतो. मग: "फवारणीचं औषध लागलं तर कपडे काढा, साबणाने आंघोळ करा. चक्कर, मळमळ, खूप घाम, अंधुक दिसणं यातलं काहीही झालं तर काम थांबवा. दवाखान्यात जाताना बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्या." आणि शेवटी "वाऱ्याच्या दिशेने फवारणी करा".

ओपीडीतून
बाटली सोबत न्या हे झकास. किती वेळा पेशंट येतो आणि नातेवाईक म्हणतात "औषध होतं", कुठलं ते कुणालाच माहीत नाही.

पऱ्हाटी
बाकी सगळं जमलं ताई, ते वाऱ्याचं बदला. वाऱ्याच्या दिशेनं म्हंजे वारा येऊन राह्यला तिकडं का वारा जाऊन राह्यला तिकडं? अर्धे लोक उलटं समजतीन अन् सगळं तोंडावर घेतीन. "वारा पाठीवर घेऊन फवारा" असं लिवा.

भाषांतरवाली
लिहिलं. छपाईला गेलं की इथे टाकते.