अफगाणिस्तानातल्या ग्रीक शहरात कृष्णाची नाणी, खरंय का हे?

जिज्ञासू७७
फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आलाय की अफगाणिस्तानात ऐ खानुम नावाचं ग्रीक शहर सापडलं, तिथे कृष्ण-बलरामाची नाणी मिळाली, म्हणजे ग्रीक राजे हिंदू झाले होते. फोटो तर खरा वाटतोय. आणि ग्रीक एवढ्या लांब येऊन नुसती छावणी टाकून बसले होते की खरंच शहर होतं?

नाणेवेडा
नाणी शंभर टक्के खरी. १९७० मध्ये फ्रेंच टीमला तिथे अगाथोक्लिस नावाच्या ग्रीक राजाची सहा चौकोनी चांदीची नाणी मिळाली, इ.स.पू. १८० च्या आसपासची. एका बाजूला नांगर-मुसळ घेतलेला बलराम आणि ग्रीक अक्षरं, दुसरीकडे चक्र-शंख घेतलेला वासुदेव म्हणजे कृष्ण आणि ब्राह्मी लिपी. पण 'हिंदू झाले' हे सोडून द्या राव, त्याच राजाच्या बाकीच्या नाण्यांवर झ्यूस आहे, डायोनायसस आहे, म्हणजे ग्रीक देवच. प्रजेला ओळखीचा देव छापला की नाणं चालतं, मला तरी ह्यात राजकारणच जास्त दिसतं.

मातीतला_माणूस
छावणी कसली, चांगलं मोठं शहर होतं. अमू दर्या आणि कोकचा नद्यांच्या संगमावर. १९६१ मध्ये राजा जहीर शाह शिकारीला गेला होता, तिथे त्याला ग्रीक पद्धतीचा कोरलेला दगड दिसला आणि मग १९६४ ते १९७८ खोदकाम चाललं, पॉल बर्नार प्रमुख होते. हजारोंनी बसतील असं थिएटर, व्यायामशाळा, राजवाडा सगळं निघालं. मला सगळ्यात भारी वाटतं ते खजिन्यातलं, तिथे पपायरस (त्या काळचा कागद) कुजून मातीला मिळाला पण शाई मातीवर तशीच उमटून राहिली आणि त्यावरून तत्त्वज्ञानाचा ग्रीक मजकूर वाचला गेला!! आणि क्लिआर्कस नावाच्या माणसाने थेट ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवळातून उपदेशवचनं उतरवून आणून इथे दगडावर कोरून घेतली, लहानपणी शिस्तीत रहा, म्हातारपणी चांगला सल्ला दे, असली.
पण सगळं ग्रीकच होतं असंही नाही हं. मुख्य देवळात ग्रीक पुतळ्याचा संगमरवरी पाय मिळाला, चपलेवर झ्यूसचं वज्र कोरलेला, आणि देऊळ मात्र मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराककडच्या) वळणाचं, तेही मातीच्या विटांचं.

जिज्ञासू७७
वा, धन्यवाद दोघांनाही. आता जाऊन बघण्यासारखं काही उरलंय का?

मातीतला_माणूस
फारसं नाही. इ.स.पू. १४५ च्या सुमारास शहर पडलं ते पडलंच, आणि खोदकाम थांबल्यानंतरच्या युद्धांच्या काळात लुटारूंनी पार चाळण केली. आधी निघालेल्या काही वस्तू काबूलमध्ये बँकेच्या तिजोरीत लपवून ठेवल्या होत्या म्हणून वाचल्या, सिबेली देवीची सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तबकडी त्यातलीच.

नाणेवेडा
एवढं लांब कशाला, नाशिकला पांडवलेण्यात १७ नंबरचं लेणं बघ. ते खोदवून घेतलंय इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने (तेव्हा यवन म्हणजे ग्रीक), धम्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडच्या दत्तामित्रीचा, लेखात तसंच लिहिलंय. लेख वर आहे, दुर्बीण असली तर ने.